मंडेलांची माफी दिसते, मंडेलांची सत्ता का दिसत नाही?

१९९० हे वर्ष आंबेडकरी चळवळीने कधी विसरू नये असे आहे. त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. त्याच वर्षी बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती देणारा कायदा झाला. ७ ऑगस्टला मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा झाली आणि ऑक्टोबरमध्ये, सत्तावीस वर्षांचा कारावास भोगून बाहेर आलेले नेल्सन मंडेला दिल्लीत आले. त्यांनाही भारतरत्न देण्यात आले. त्या दिवसांत दिल्लीच्या रस्त्यांवर काय चालले होते? आरक्षणाच्या विरोधात बूट पॉलिश करून आणि झाडू मारून निषेध व्यक्त करण्याचे प्रकार चालले होते! म्हणजे आमच्याच बापजाद्यांच्या कामाची टवाळी करून समतेला विरोध होत होता आणि शेजारच्याच सभागृहात समतेच्या योद्ध्याचे स्वागत होत होते. या देशातील उच्चवर्णीय मध्यमवर्गाला मंडेला हवे होते, मंडल नको होते. आजही त्याचे तसेच आहे.

हे आठवण्याचे कारण म्हणजे 'इन्व्हिक्टस' हा चित्रपट. क्लिंट ईस्टवूड यांनी तो २००९ साली काढला. मॉर्गन फ्रीमन यांनी मंडेलांची, तर मॅट डेमन यांनी दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाचा गोरा कर्णधार फ्रान्स्वा पिनार याची भूमिका केली आहे. रग्बी म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा, अंगावर अंग घालण्याचा खेळ. दक्षिण आफ्रिकेत तो गोऱ्यांचा खेळ होता आणि 'स्प्रिंगबॉक' हे संघाचे हरणाचे चिन्ह काळ्या माणसाला वर्णद्वेषाचेच चिन्ह वाटे. परदेशी संघ आला की काळे प्रेक्षक परदेशी संघाच्या बाजूने ओरडत. १९९४ साली राष्ट्राध्यक्ष झालेल्या मंडेलांनी ते चिन्ह मोडू दिले नाही, उलट संघाला पाठिंबा दिला. २४ जून १९९५ रोजी जोहान्सबर्गच्या एलिस पार्क मैदानावर दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला १५-१२ असे हरवून विश्वचषक जिंकला. मंडेला त्याच संघाचा हिरवा सदरा घालून मैदानावर उतरले. गोऱ्यांनी त्यांच्या नावाचा जयघोष केला. चित्रपट इथे संपतो आणि प्रेक्षक डोळे पुसत उठतो.

आमच्या भोर-वेल्हे भागात, आंबवडे आणि आसपासच्या गावांतील काही तरुणांनी मध्यंतरी हा चित्रपट एकत्र बसून पाहिला. आम्हीही त्यांच्यात होतो. (बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले. आमचे आंबवडे भोर तालुक्यातले, हे नवख्या वाचकाच्या माहितीसाठी.) चित्रपट संपल्यावर जी मते निघाली ती ऐकण्याजोगी होती. शहरात शिकणारा एक जण म्हणाला, "आमच्या कॉलेजात सगळे म्हणतात, बघा, मंडेलांनी सूड घेतला नाही, माफ केले. तुम्ही मात्र अजून जुनेच उगाळता." दुसऱ्याचे म्हणणे असे की, खेळाने जे साधले ते कायद्याने साधले नसते. मागे बसलेला एक कामगार तरुण बराच वेळ गप्प होता. तो एवढेच म्हणाला, "माफ करायला आपली तयारी आहे हो, पण आपल्याकडे माफी मागितली कुणी?"

या तिन्ही मतांचा आज विचार करायचा आहे. कारण तो प्रश्न एका चित्रपटापुरता राहिलेला नाही. गावोगाव आमच्या माणसाला 'मोठ्या मनाने' घ्यायला सांगितले जाते, तेव्हा त्याच्यापुढे जी उदाहरणे ठेवली जातात त्यात गांधींच्या खालोखाल मंडेलांचा नंबर लागतो.

पहिले मत माफीचे. मंडेलांनी माफ केले हे खरे, पण ते केव्हा केले? ११ फेब्रुवारी १९९० ला ते सुटले. पुढची चार वर्षे वाटाघाटी, संप, मोर्चे आणि गोळीबार यांत गेली. २७ एप्रिल १९९४ ला काळ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा मत दिले. १० मे १९९४ ला मंडेलांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. त्यानंतर एक वर्षाने हा सामना झाला. आधी मताचा अधिकार, मग सत्ता, मग माफी असा हा क्रम आहे. चित्रपटात निवडणूक चार-दोन दृश्यांत उरकते आणि सामना मात्र अर्धा तास चालतो. चित्रपटाच्या दृष्टीने ते ठीकही असेल. पण प्रेक्षक तेवढेच धरून बसतो आणि सत्तेच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची माफी, खुर्चीजवळ फिरकूही न दिलेल्या माणसाकडे मागतो. ज्याच्या हातात शिक्षा करण्याचे सामर्थ्य आहे तो सोडून देतो, त्याला क्षमा म्हणतात. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला 'सोडून दे' असे सांगणे ही क्षमेची शिकवण नव्हे, ती शरण जाण्याची सक्ती आहे.

शिवाय मंडेलांनी माफी फुकट वाटलेली नाही. त्यांच्या सरकारने १९९५ साली कायदा करून सत्य आणि सलोखा आयोग नेमला. बिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष होते. त्याच्या नावात 'सत्य' आधी आहे, 'सलोखा' नंतर, हे वकील म्हणून आम्हांला फार मोलाचे वाटते. ज्याला माफी हवी त्याने स्वतः अर्ज करायचा, आपण काय केले ते संपूर्ण सांगायचे, आणि त्या कृत्यामागे राजकीय हेतू होता हे दाखवायचे. सात हजारांवर अर्ज आले. त्यांतील साडेआठशेच्या आतबाहेर अर्जदारांनाच माफी मिळाली. ज्यांना ती नाकारली गेली त्यांच्यावर पुढे पुरेसे खटले झाले नाहीत, ही त्या देशातील पीडितांची तक्रार आजही आहे आणि ती रास्त आहे. तरी निदान अत्याचार झाला हे सरकारी दप्तरात, अत्याचार करणाऱ्याच्या तोंडून नोंदले गेले.

आमच्याकडे काय होते? २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी सुनावली, परंतु अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो असे मानले नाही. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची जन्मठेप केली. शिक्षा झाली हे मान्य. पण त्या हत्याकांडात जात होती, हे एवढे एक सत्य निकालाच्या कागदावर येऊ शकले नाही! जिथे सत्यच नोंदले जात नाही, तिथे सलोखा कशाच्या पायावर उभा करायचा?

गावपातळीवर तर याहून वेगळे चित्र आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हे आपसात मिटवण्याजोगे नाहीत. तरीही फिर्याद लिहून होण्याआधीच गावातले चार प्रतिष्ठित येऊन बसतात. "गावाची शांतता राहू द्या, पोरांची आयुष्ये बरबाद करू नका, तुम्हीच मोठे व्हा." ही वाक्ये आम्ही इतक्या वेळा ऐकली आहेत की ती पाठ झाली आहेत. मोठे होण्याची जबाबदारी दरवेळी मार खाणाऱ्यावरच का येते? मारणाऱ्याला कुणी कधी 'तू मोठा हो' म्हणत नाही. २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हा कायदा बोथट झाला होता. २ एप्रिलला देशभर भारत बंद झाला, त्यात माणसे मेली, आणि त्यानंतर ऑगस्टमध्ये संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला. तो कायदा कुणाच्या मनाच्या मोठेपणातून परत आला नाही, रस्त्यावरच्या रेट्यातून परत आला.

आता दुसरे मत, की खेळाने जे साधते ते कायद्याने साधत नाही. यासाठी दक्षिण आफ्रिकेला जाण्याची गरजच नाही. पुण्याला गेले तरी पुरे. चर्मकार समाजातील बाळू पालवणकर हे पुण्याच्या कॅम्पात वाढले. आधी पारशांच्या आणि मग युरोपियनांच्या क्लबात महिना तीन-चार रुपयांवर मैदानाची निगा राखता राखता ते साहेबांना गोलंदाजी घालत. डावखुरी फिरकी अशी की साहेबही चक्रावले. ते पाहून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात धरत, पण चहापानाच्या वेळी बाळूंना चहा मिळे तो पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. ज्या चेंडूला बाळूंचा हात लागला तो चालतो, पण ज्या पेल्याला लागला तो चालत नाही, असे हे शास्त्र!

पुढे ते मुंबईला गेले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. लोकांनी डोक्यावर घेतले, हारतुरे झाले, भाषणे झाली. पण हिंदू संघाचे कर्णधारपद? ते द्यायचे म्हटले की जात आडवी येई. १९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळले, तेव्हा त्यांचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला नकार दिला. वर्तमानपत्रांत गदारोळ झाल्यावर तिघेही परत आले आणि अंतिम सामन्यात बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. कर्णधारपद शेवटी १९२३ साली आले, तेही धाकट्या विठ्ठलरावांकडे. त्या वर्षी हिंदू संघ जिंकला आणि सवर्ण प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवले. 'इन्व्हिक्टस'मध्येही अगदी असेच एक दृश्य आहे. मैदानाबाहेर बाटल्या गोळा करणाऱ्या काळ्या पोराला आधी हुसकणारे गोरे पोलीस विजयानंतर त्यालाच खांद्यावर उचलतात.

तर मग खांद्यावर घेतल्याने काय झाले? त्याच १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर केला. विठ्ठलराव कर्णधार, ठराव मंजूर. आणि चार वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना हजारोंचा सत्याग्रह करावा लागला. लोकांची डोकी फुटली. तळे बाटले म्हणून शुद्ध करून घेतले गेले! त्या तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल उजाडले. क्रिकेटचे मैदान जिंकून पाण्याचे तळे खुले झाले नाही. ते सत्याग्रहाने आणि कायद्याने झाले आणि अखेरचा शब्द २६ जानेवारी १९५० ला संविधानाच्या कलम १५ आणि १७ ने लिहिला.

बाळू पालवणकरांविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्धही समजून घेतला पाहिजे. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत प्रत्यक्ष बाबासाहेबांच्याच विरोधात उभे केले. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. ज्यांनी बाळूंना कर्णधारपद द्यायला वीस वर्षे खळखळ केली, त्यांना बाबासाहेबांना अडवण्यासाठी मात्र हेच बाळू आठवले. एकट्या-दुकट्या माणसाचा गौरव करायचा आणि तोच गौरव त्याच्या समाजाच्या स्वतंत्र राजकारणापुढे बांधासारखा आडवा घालायचा, ही प्रस्थापितांची जुनी रीत आहे. यात दोष बाळूंचा नाही.

याच संदर्भात आंबवड्याकडे पाहावे. या गावात कान्होजी जेधे यांची समाधी आहे, तशीच जिवा महाला यांचीही आहे. जिवा महाला नाभिक समाजाचे. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शिवरायांच्या स्वराज्याने शौर्य पाहिले, जात पाहिली नाही, हा त्याचा अर्थ. पण शिवरायांनंतरच्या साडेतीनशे वर्षांत ज्यांनी ही म्हण अभिमानाने सांगितली, त्यांनी जिवाजींच्या समाजबांधवांना पंक्तीला किती वेळा बसवले? वीराची समाधी बांधली जाते, त्याची म्हण होते, आणि त्याचा समाज मात्र बलुत्याच्या सुपात पडेल तेवढ्यावर जगतो. टाळी वेगळी आणि वाटा वेगळा. टाळी देणाऱ्याच्या मर्जीवर असते, वाटा हक्काचा असतो. बाबासाहेबांनी आम्हांला वाटा मागायला शिकवले.

आणखी एक मत या चित्रपटाच्या निमित्ताने नेहमी ऐकू येते: खेळात रंग आणू नका, जात आणू नका. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' ४ मार्च २०२२ ला प्रदर्शित झाला, तेव्हाही हेच झाले. नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे यांच्या कार्यावर तो आधारलेला आहे. त्यात भीमजयंती आहे, बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे हात जोडणारे अमिताभ बच्चन आहेत, साध्या पासपोर्टच्या कागदांसाठी वणवण करणारा आदिवासी बाप आहे. कुणी म्हणाले, चित्रपट लांबला. ते मत असू शकते. पण 'खेळाच्या चित्रपटात जयंती कशाला?' असेही म्हणणारे निघाले. आमच्या वस्तीतल्या माणसाने मात्र मोठ्या पडद्यावर प्रथमच आपली मिरवणूक पाहिली आणि त्याचे डोळे भरून आले. एकाच पडद्यासमोर बसलेल्या दोन प्रेक्षकांत हे अंतर का पडते? कारण मैदान आणि झोपडपट्टी यांच्यामधली भिंत एकाला रोज ओलांडावी लागते आणि दुसऱ्याला ती दिसतच नाही. 'इन्व्हिक्टस'ची सुरुवातच रस्त्याच्या एका बाजूला हिरवळीवर रग्बी खेळणारी गोरी मुले आणि दुसऱ्या बाजूला धुळीत फुटबॉल खेळणारी काळी मुले यांनी होते. तो रस्ता आमच्या ओळखीचा आहे. आमच्याकडे त्याला गावकूस म्हणतात.

खेळात रंग पाहायचा नाही, असे दक्षिण आफ्रिकेने म्हटले असते तर काय झाले असते? १९९५ च्या अंतिम सामन्यात पंधरा खेळाडूंत गोरा नसलेला एकच होता, चेस्टर विल्यम्स. सगळ्या देशात त्याच्या तसबिरी लावल्या गेल्या. पण संघातल्या काही सहकाऱ्यांकडून आपल्याला वर्णद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या, हे त्याने २००२ साली आपल्या चरित्रातून सांगितले. म्हणजे कप जिंकला तरी मन जिंकलेले नव्हते. त्यानंतर त्या देशाने उघडपणे मोजदाद सुरू केली. १९९६ च्या संविधानाने, अन्याय झालेल्यांच्या उन्नतीसाठी विशेष उपाय करण्यास समतेच्या कलमातच मुभा दिली. १९९८ साली नोकऱ्यांतील समान संधीचा कायदा आला. राष्ट्रीय संघांतही कृष्णवर्णीयांच्या प्रमाणाची उद्दिष्टे ठरली. 'गुणवत्तेचे काय होणार?' अशी ओरड तिथेही झाली. २०१८ साली झ्वीडे या काळ्यांच्या वस्तीत वाढलेला सिया कोलिसी कसोटी संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार झाला. २०१९ च्या अंतिम सामन्यात पंधरांपैकी सहा जण कृष्णवर्णीय होते आणि इंग्लंडचा ३२-१२ असा पराभव झाला. २०२३ साली त्याच कोलिसीने पुन्हा विश्वचषक उचलला. वाटा दिल्याने गुणवत्ता बुडते म्हणणाऱ्यांनी हे आकडे लिहून ठेवावेत. चेस्टर विल्यम्स मात्र २०१९ चा तो विजय पाहायला राहिला नाही. स्पर्धेच्या अवघे काही दिवस आधी त्याचा मृत्यू झाला.

भारताने या लढ्यात आफ्रिकेला साथ दिली, याचा आम्हांलाही अभिमान आहे. १९४६ साली त्या देशाशी व्यापार तोडला. १९७४ साली डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोचूनही वर्णद्वेषी देशाशी खेळणार नाही म्हणून भारताने कप सोडून दिला. पण २००१ साली त्याच दक्षिण आफ्रिकेत, डर्बनला, वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली आणि दलित संघटनांनी जातिभेदाचा प्रश्न मांडायचा म्हटला, तेव्हा भारत सरकारनेच विरोध केला. हा आमचा घरगुती मामला आहे म्हणे! वर्णद्वेषवाले गोरे सरकार तरी वेगळे काय म्हणत होते?

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत सर्व जातींची नोंद करण्याचा निर्णय जाहीर केला. लगेच 'मोजल्याने जात वाढते' असा सूर लागला. ताप मोजल्याने ताप वाढत नाही. दक्षिण आफ्रिकेने मोजले म्हणूनच एकाचे सहा झाले. तिथेही सगळे आलबेल नाही. २०१७ च्या सरकारी पाहणीनुसार व्यक्तींच्या मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के जमीन गोऱ्यांकडेच होती. कप आला, सत्ता आली, तरी जमीन आली नाही. पण ती कुणाकडे आहे हे त्यांना आकड्यांत सांगता येते, म्हणून तिच्यासाठी भांडता येते.

तेव्हा आमच्या तरुणांना आमचे सांगणे आहे की 'इन्व्हिक्टस' जरूर पाहा, मंडेलांपुढे नतमस्तक व्हा. पण कुणी तो चित्रपट दाखवून तुम्हांला क्षमेचे धडे देऊ लागला, तर त्याला शांतपणे तीन गोष्टी विचारा. सत्य नोंदले गेले आहे काय? सत्तेत वाटा मिळाला आहे काय? आणि माफी मागायला कोण आले आहे? बाबासाहेबांनी संविधानाच्या प्रास्ताविकेत बंधुतेला स्थान दिले, पण न्याय, स्वातंत्र्य आणि समता हे शब्द तिच्या आधी येतात. त्या कामगार तरुणाने संविधानाची ती ओळ पाठ केली असेल वा नसेल, त्याचा प्रश्न मात्र तिच्याच क्रमाने जाणारा होता. ज्या दिवशी आंबवड्यासारख्या गावात अत्याचाराची फिर्याद मिटवायला नव्हे, तर झाले ते चुकले म्हणायला चार प्रतिष्ठित आमच्या वस्तीत येतील, त्या दिवशी क्षमेची गोष्ट आम्ही स्वतःहून काढू. तोपर्यंत फिर्याद मागे घेऊ नका.

जयभीम!